जीभ, स्नायू आणि बघणाऱ्यांचा इतिहास



आज आपण जिभेबद्दल बोलणार आहोत. जिभेला हाड नसतं, असं आपण येताजाता म्हणतो आणि बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी बोलण्याला टोमणा म्हणून म्हणतो. आज मात्र आम्ही ते शब्दशः घेणार आहोत. हाड नाही, मग जिभेत आहे तरी काय? ती वळते कशी, लांब होते कशी, आणि गुळाचा खडा ठेवला की तिला गोड कसं कळतं?

आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. बचत गटांचं काम करणाऱ्या बाया आम्ही. पण हा इतिहास वाचताना एक गोष्ट आमच्या मनात घर करून बसली. जिभेच्या आणि स्नायूंच्या आत काय आहे, हे ज्यांनी शोधलं, त्यांतले काही मोठ्या विद्यापीठांतले होते, काही साधे दुकानदार होते आणि काही बाया होत्या. त्यांच्यात सारखं एवढंच होतं, की त्यांनी ऐकीव गोष्टीवर न थांबता स्वतः नीट पाहिलं आणि पाहिलेलं लिहून ठेवलं.

आधी एक काम करा. आरशासमोर उजेडात उभ्या राहा आणि जीभ बाहेर काढा. ती गुळगुळीत नाही, मखमलीसारखी आहे. त्या मखमलीचा एकेक धागा म्हणजे एक बारीक टोकदार उंचवटा. यांना अंकुरक म्हणतात. यांना चव कळत नाही, यांचं काम खरखरीतपणाचं, म्हणजे घास धरून ठेवण्याचं. त्यांच्यामध्ये टाचणीच्या डोक्याएवढे लालसर ठिपके दिसतील. तेही अंकुरकच, पण त्यांच्यात चव घेणाऱ्या रुचिकलिका असतात. जिभेच्या पार मागे, घशाजवळ, आठ ते बारा मोठे गोल उंचवटे एका ओळीत असतात. ते आरशात सहज दिसत नाहीत.

हे अंकुरक पहिल्यांदा नीट तपासले इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी. जन्म १६२८, मृत्यू १६९४. फुप्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या त्यांनी १६६१ मध्ये बेडकात पाहिल्या होत्या. पुढे ते सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात शिकवत असताना त्यांनी जीभ हाती घेतली. त्यांची रीत ऐकली तर आपल्याला स्वयंपाकघर आठवेल. त्यांनी बैलाची जीभ उकडली आणि भिजवलेल्या बदामाचं साल काढावं तसा तिचा वरचा थर सोलून काढला. त्याखाली त्यांना जाळीसारखा एक मऊ थर दिसला आणि त्या जाळीच्या छिद्रांतून वर आलेले अंकुरक दिसले. हे अंकुरक मज्जातंतूंशी जोडलेले आहेत, म्हणजे चव इथंच कळत असणार, असं त्यांनी १६६५ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी लोरेंझो बेल्लिनी या दुसऱ्या इटालियन अभ्यासकानंही जिभेच्या चवीवर पुस्तक काढलं. माल्पिगींनी जिभेत पाहिलेला तो मऊ थर त्यांना पुढे आपल्या कातडीतही सापडला, आणि कातडीच्या त्या थराला अजून त्यांचंच नाव आहे.

आता इटलीहून हॉलंडला जाऊ. तिथे डेल्फ्ट नावाच्या गावात अंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचे कापड व्यापारी होते. जन्म १६३२. कापड विकत घेताना आपण पदर डोळ्याजवळ नेऊन वीण बघतो ना, तसे तिकडचे व्यापारी छोट्या भिंगातून धागे मोजत. लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या हातानं इवलीशी भिंगं घासली आणि पितळेच्या, चांदीच्या पट्टीत बसवली. त्यांचं एक भिंग आजही शिल्लक आहे, ते वस्तू जवळजवळ पावणेतीनशे पट मोठी दाखवतं. त्यांना लॅटिन येत नव्हतं, आणि त्या काळी लॅटिनशिवाय विद्वान कुणाला म्हणत नसत. त्यांनी आपल्या डच भाषेतच लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहिली आणि पन्नास वर्षं लिहीतच राहिले.

१६७४ च्या एका पत्रात त्यांनी स्वतःच्या जिभेबद्दल लिहिलं आहे. आदल्या हिवाळ्यात ते आजारी होते, तोंडाला चव नव्हती. तुम्ही आम्ही अशा वेळी काय करतो? लिंबाचं लोणचं चाटतो आणि गप्प बसतो. लेव्हेनहूक यांनी आरसा घेतला, जिभेवर जाड थर साचलेला पाहिला आणि या थरामुळेच चव जात असावी असा विचार केला. मग त्यांनी बैलाची जीभ आणून ती भिंगाखाली पाहिली. तिच्यावरची बारीक टोकं त्यांना दिसली.

तिथून त्यांना दुसरा प्रश्न पडला. मिरी जिभेला झोंबते ती का? त्या काळात डच व्यापारी मलबारच्या किनाऱ्यावरून आणि जावा-सुमात्राकडून गलबतं भरभरून मिरी नेत होते. १६६३ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकून घेतलं होतं, त्यामागे मिरीचा व्यापार हे मोठं कारण होतं. तर आपल्याकडच्या किनाऱ्यावरचा हा दाणा डेल्फ्टमध्ये एका माणसाच्या भांड्यात पाण्यात भिजत पडला. मिरीच्या कणांना बारीक काटे असावेत आणि ते जिभेला टोचत असावेत, अशी त्यांची अटकळ होती. १६७६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ते मिरीचं पाणी भिंगाखाली धरलं. काटे दिसले नाहीत. दिसले ते हजारोंनी वळवळणारे जीव, साध्या डोळ्यांना कधीच दिसले नसते इतके लहान. त्यांतले काही जिवाणू होते. रॉयल सोसायटीला आधी विश्वास बसेना. लेव्हेनहूक यांनी गावातल्या प्रतिष्ठित माणसांना भिंगातून दाखवून त्यांच्या साक्षी पाठवल्या. शेवटी १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये तेच करून पाहिलं आणि तेच जीव पाहिले. जिभेला मिरी का झोंबते, या घरगुती प्रश्नातून जिवाणूंचं जग उघडलं.

मूळ प्रश्नाचं उत्तर यायला मात्र तीनशे वर्षं लागली. तिखट ही चव नाहीच. ती जळजळ आहे. उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंवर एक खास दार असतं, ते मिरचीतल्या आणि मिरीतल्या तिखट द्रव्यानं उघडतं. हे दार १९९७ मध्ये सापडलं. डेव्हिड ज्युलियस यांना या कामासाठी २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. ठेचा खाल्ल्यावर "आग लागली गं" असं आपण म्हणतो, ते शास्त्राच्या भाषेतही खरंच आहे.

आता जिभेच्या आत जाऊ. जिभेत हाड नसलं, तरी जिभेचा बहुतेक भाग दंडाच्या किंवा पोटरीच्या स्नायूसारख्याच स्नायूंचा आहे. हा पट्टकी स्नायू, आपल्या इच्छेनं हलणारा. फरक इतकाच, की दंडात सगळे तंतू साधारण एकाच दिशेनं जातात आणि जिभेत ते तीन दिशांनी जातात. काही उभे, काही आडवे, काही टोकापासून मुळापर्यंत. बाजेच्या सुंभाची वीण डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. म्हणूनच वैद्यकीय महाविद्यालयात मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली जिभेची काचपट्टी दाखवतात. एकाच पट्टीवर वर अंकुरक दिसतात, खाली स्नायूचे काही तंतू लांबीत दिसतात आणि काही गोल चकत्यांसारखे आडवे कापलेले दिसतात.

या तंतूंवर पट्टे असतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्यांत पुन्हा आपले लेव्हेनहूकच. साल १६८२. मांसाच्या एका तंतूवर लुगड्याच्या काठासारख्या आडव्या रेघा एकामागोमाग एक आहेत, असं त्यांनी कळवलं. त्यांनी पुढे निरनिराळ्या प्राण्यांचं मांस तपासलं, अगदी देवमाशाचंसुद्धा. म्हातारपणी, १७१४ च्या सुमाराला, तंतू नीट दिसावेत म्हणून त्यांनी ते केशरानं रंगवून पाहिले. पेशी रंगवून पाहण्याची रीत पुढे दीडशे वर्षांनी रूढ झाली, तिची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही. आज प्रयोगशाळेत जो निळा-जांभळा रंग वापरतात, तोही मुळात मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून काढतात. रंगारी कापडाला वापरत होते, तोच रंग शास्त्रज्ञांनी उचलला.

लेव्हेनहूक १७२३ मध्ये गेले. त्यांची मुलगी मारिया शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती. वडिलांच्या इच्छेप्रमाणे तिनं चांदीचे सव्वीस सूक्ष्मदर्शक पेटीत घालून रॉयल सोसायटीला पोचते केले. पुढे शंभरेक वर्षांनी ती पेटी सोसायटीकडून कुठे गहाळ झाली, त्याचा पत्ता नाही. पत्रं मात्र उरली. म्हणून आज आपल्याला हे सगळं सांगता येतं.

पट्टे दिसले, पण ते कशासाठी? स्नायू आखडतो म्हणजे होतं तरी काय? जुनी समजूत अशी होती, की मेंदूतून एक प्रकारचा प्राणवायू मज्जांमधून येतो आणि स्नायूला फुग्यासारखा फुगवतो. दंड वळवला की बेटकुळी येते, ती पाहून हे कुणालाही पटेल. हॉलंडच्याच यान स्वामरडाम यांनी ते तपासलं. त्यांनी बेडकाचा स्नायू काचेच्या बंद नळीत ठेवला. नळीच्या निमुळत्या टोकात पाण्याचा एक थेंब ठेवला. स्नायू फुगला तर थेंब वर सरकायला हवा. स्नायू आखडला, पण थेंब वर सरकला नाही. म्हणजे स्नायू एका बाजूनं आखूड होतो आणि दुसऱ्या बाजूनं जाड, एकूण तेवढाच राहतो. कणकेचा गोळा दाबला की पसरतो, पण कणीक वाढत नाही, तसंच. जीभ लांब होते तीही याच हिशेबानं. आतले आडवे तंतू तिला अरुंद करतात आणि ती पुढे सरकते. स्वामरडाम १६८० मध्ये वारले. त्यांचं हे काम छापून यायला १७३७ उजाडलं.

१८४० मध्ये लंडनच्या विल्यम बोमन या चोवीस वर्षांच्या डॉक्टरनं अनेक प्राण्यांचे स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून एक मोठा लेख लिहिला. तंतूवरचं पातळ वेष्टण, त्यावरचे गडद आणि फिके पट्टे, सगळं त्यात आहे. त्यानंतर पट्ट्यांवर पुष्कळ वाद झाले. स्नायू आखडताना गडद पट्टा तेवढाच राहतो आणि फिका पट्टा अरुंद होतो, हे त्या शतकात काही जणांनी पाहिलंही होतं. पण ते वादाच्या गदारोळात मागे पडलं आणि लोक विसरून गेले. एकदा सापडलेली गोष्ट अशी हरवते आणि पुन्हा शोधावी लागते.

ती पुन्हा शोधण्याच्या कामात तीन बाया होत्या. त्यांची नावं आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो.

पहिल्या मिलित्सा ल्युबिमोवा. रशियात मॉस्कोला त्या आणि त्यांचे पती व्लादिमीर एंगेलहार्ट एकत्र काम करत. स्नायूत मायोसिन नावाचं प्रथिन असतं, हे १८६४ पासून माहीत होतं. एटीपी हे पेशीतलं ऊर्जेचं नाणं. १९३९ मध्ये या दोघांनी दाखवलं, की मायोसिन स्वतःच एटीपी मोडतं. म्हणजे मायोसिन हा नुसता दोर नाही, तो स्वतःचं इंधन स्वतः जाळणारा कामकरी आहे.

दुसऱ्या इलोना बंगा. हंगेरीतल्या सेगेद शहरात, महायुद्ध चालू असताना, त्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत होत्या. स्नायूचा लगेच गाळलेला अर्क पातळ निघतो आणि रात्रभर ठेवलेला अर्क घट्ट होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. विरजणासारखं वाटेल, पण ते विरजण नव्हतं. रात्रभरात मायोसिनबरोबर दुसरं एक प्रथिन अर्कात उतरत होतं. ते त्याच प्रयोगशाळेतल्या ब्रूनो श्ट्राउब यांनी वेगळं काढलं. त्याचं नाव अॅक्टिन. या दोन प्रथिनांच्या मिश्रणाचा धागा करून त्यावर एटीपी टाकलं, की तो धागा आखडत असे. काचेच्या भांड्यात, शरीराबाहेर.

तिसऱ्या जीन हॅन्सन. जन्म इंग्लंडमध्ये, १९१९ साली. वडील लहानपणीच गेले, आईनं वाढवलं. जीन लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये काम करत आणि नव्या प्रकारच्या सूक्ष्मदर्शकात त्यांचा हात बसलेला होता. हा सूक्ष्मदर्शक न रंगवलेल्या पेशीही स्पष्ट दाखवतो. १९५३ मध्ये त्या अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत गेल्या. तिथे त्यांना इंग्लंडहूनच आलेले ह्यू हक्सले भेटले. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं कसब होतं. दोघांनी सशाच्या स्नायूचे सुटे धागे काचपट्टीवर घेतले, एटीपी दिलं आणि पट्ट्यांकडे पाहिलं.

तुम्हीही आत्ता दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरा आणि एकमेकांत सरकवा. बोटं आखूड झाली नाहीत, पण दोन्ही तळहात जवळ आले. स्नायूत नेमकं हेच होतं. मायोसिनच्या जाड धाग्यांमध्ये अॅक्टिनचे बारीक धागे सरकतात. धागे तेवढेच राहतात, त्यांच्यातलं अंतर मिटतं. एका मिलिमीटर लांबीत असे सुमारे चारशे कप्पे एकापुढे एक असतात. प्रत्येक कप्पा कणभर मिटला, की डोक्यावरचा हंडा उचलला जातो.

२२ मे १९५४ च्या 'नेचर' या नियतकालिकात याबद्दलचे दोन लेख शेजारी शेजारी आले. एक ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. दुसरा केंब्रिजच्या अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ निडेरगेर्के यांचा, बेडकाच्या जिवंत तंतूंवर केलेला. दोन्ही हक्सले एकमेकांचे नातलग नव्हते. पण आडनाव सारखं असल्यानं लोकांच्या बोलण्यात हा शोध 'हक्सलेंचा' होऊन बसतो आणि हॅन्सनबाई बाजूला राहतात. १९६७ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. १९७३ मध्ये, वयाची चौपन्न वर्षं पूर्ण होण्याआधीच, त्या अचानक आजारानं गेल्या.

आता चवीच्या गोष्टीकडे परत येऊ, कारण तिथेही एका बाईंनी मोठी चूक दुरुस्त केली आहे. १८६७ मध्ये स्वीडनचे लोव्हेन आणि जर्मनीचे श्वाल्बे यांना, एकमेकांना नकळत, अंकुरकांच्या बाजूला दडलेल्या रुचिकलिका सापडल्या. कांद्याच्या पाकळ्यांसारख्या पन्नास ते शंभर पेशींचा हा एक गड्डा असतो. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकानं जिभेच्या कडेनं कुठली चव किती चटकन कळते, हे मोजलं. फरक अगदी थोडा होता. पण पुढे १९४२ मध्ये एका अमेरिकन पुस्तकात ती मापं आलेखात अशी मांडली गेली, की लोकांनी नकाशाच काढला. गोड टोकाला, आंबट कडेला, कडू मागे. हा नकाशा जगभर शाळेच्या पुस्तकांत शिरला. आपल्यापैकी कितीजणींनी तो वहीत काढून रंगवलाही असेल! १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजमाप केलं. रुचिकलिका जिथे जिथे आहेत तिथे तिथे सगळ्या चवी कळतात, फरक आहे तो नाममात्र, असं त्यांना आढळलं. शिवाय चवी चारच नाहीत. जपानचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्येच समुद्री शेवाळाच्या कढातून पाचवी चव दाखवली होती. तिला तिकडे उमामी म्हणतात.

विचार करा. तो नकाशा चुकीचा आहे, हे तपासायला कसलंही यंत्र लागत नव्हतं. जिभेच्या टोकावर मिठाचा खडा ठेवला असता तरी पुरे होतं. जीभ प्रत्येकाच्या तोंडात होती. पण पुस्तकात छापलंय म्हटल्यावर तोंडातल्या जिभेवर कुणी विश्वास ठेवला नाही.

हे सगळं आम्ही तुम्हाला का सांगतो आहोत? कारण आपल्या शरीराबद्दलही असे न तपासलेले नकाशे आपण बाळगून आहोत. "बाईमाणसाला थकवा यायचाच." "बाळंतपणं झाली की अंगात ताकद राहत नाही." हे आपण आईकडून ऐकलं आणि मुलीला सांगितलं. तपासलं कुणी? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. रक्तक्षयाचं एक मोठं कारण म्हणजे लोहाची कमतरता. स्नायू लाल दिसतो तो त्यातल्या एका प्रथिनामुळे, आणि त्या प्रथिनात लोह असतं. जिभेवरच्या पेशी भराभर झिजतात आणि भराभर नव्या होतात, म्हणून त्यांनाही लोह, बी-१२ आणि फॉलिक अॅसिड लागतं. ते कमी पडलं की जिभेवरचे मखमली अंकुरक झिजतात. जीभ फिकी, गुळगुळीत होते, कधी जळजळते. म्हणून तर दवाखान्यात डॉक्टर "जीभ दाखवा" म्हणतात.

जीभ पाहून घरच्या घरी निदान करायचं नाही. ते काम रक्ततपासणीचं. पण जीभ फिकी, गुळगुळीत दिसली, जिना चढताना धाप लागली, पाण्याची कळशी पूर्वीपेक्षा जड वाटू लागली, तर "होतंच असं" म्हणून सोडून देऊ नका. आशाताईंना सांगा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर सांगतील तितके दिवस पुऱ्या घ्या, जेवणाबरोबर लिंबू, आवळा घ्या आणि गोळीवर लगेच चहा पिऊ नका.

आणि आकडा कळला की लिहून ठेवा. गटाच्या वहीत आपण हप्त्याचा एकेक रुपया तारीख घालून लिहितो, एक रुपया कमी-जास्त झाला तरी सभा थांबवतो. तशीच एक पानभर जागा घरच्या वहीत स्वतःसाठी ठेवा. वर आपलं पूर्ण नाव, खाली तारीख, पुढे हिमोग्लोबिन. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि खाली दुसरी ओळ लिहा.